अनोळखी बेसबॉल मैदानात पहिला दिवस: तिकिटापासून शेवटच्या आउटपर्यंत

एखादा संघ आपण वर्षानुवर्षं टीव्हीवर पाहिलेला असतो. खेळाडूंची नावं तोंडपाठ असतात, कोण कुठल्या बॉलवर फसतो हेही ठाऊक असतं. आणि तरी त्या संघाच्या मैदानात पहिल्यांदा पाऊल टाकलं की आपण पुरते नवखे होतो. कुठल्या गेटने आत जायचं, ऊन कुठून येणार, समोर खांब तर येणार नाही ना, यातलं काहीच माहीत नसतं.

बेसबॉलमध्ये हे जास्त जाणवतं, कारण मेजर लीगची, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या बेसबॉल स्पर्धेची, कुठलीही दोन मैदानं सारखी नाहीत. आतला भाग नियमाने बांधलेला आहे. एका बेसपासून दुसरा बेस ९० फूट, पिचरच्या, म्हणजे बॉल टाकणाऱ्याच्या, पट्टीपासून होम प्लेट (जिथे बॅटर उभा राहतो) ६० फूट ६ इंच, हे सगळीकडे तसंच. पण बाहेरची भिंत किती दूर, किती उंच, कोपरा कसा वळलेला, हे ज्या त्या जागेने ठरवलं आहे. बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये उजव्या कोपऱ्यातला फाउल पोल, म्हणजे सीमेचा खांब, होम प्लेटपासून फक्त ३०२ फुटांवर आहे, तर शिकागोच्या रिग्ली फील्डमध्ये तोच ३५३ फुटांवर. म्हणजे एकाच फटक्याचा एका गावात होम रन (भिंतीपलीकडे गेलेला फटका) होतो आणि दुसऱ्या गावात साधा झेल. म्हणून मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो की पहिल्या फेरीत सामना तर बघाच, पण मैदान बघायला वेगळा वेळ ठेवा. पुढची सगळी तयारी त्या वेळासाठीच आहे.

कुठला सामना निवडायचा

नियमित हंगाम मार्चअखेर सुरू होतो आणि सप्टेंबरअखेर संपतो. प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, त्यातले ८१ घरच्या मैदानावर. निवडीला भरपूर वाव आहे, आणि तरीही बहुतेक लोक शनिवारची संध्याकाळ किंवा जुन्या प्रतिस्पर्ध्याशी असलेला सामना धरतात. अशा दिवशी गर्दी इतकी असते की भिंतीजवळ जाऊन उभंही राहता येत नाही. पहिल्या फेरीसाठी मंगळवार-बुधवारचा, कुणाच्या खिजगणतीत नसलेला सामना घ्या. तिकीट स्वस्त पडतं, रांगा छोट्या असतात, आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना तुमच्याशी दोन शब्द बोलायला सवड असते. एखादी मालिका बुधवारी किंवा गुरुवारी संपत असेल तर शेवटचा सामना अनेकदा दुपारी ठेवतात, कारण संघाला त्याच रात्री पुढच्या शहरात जायचं असतं. मला हे दुपारचे सामने सर्वांत आवडतात.

दुपार की रात्र, हे मैदान बघून ठरवा. रिग्ली फील्ड १९१४ साली सुरू झालं, पण तिथे दिव्यांच्या उजेडातला पहिला सामना सुरू व्हायला ८ ऑगस्ट १९८८ ही तारीख उजाडावी लागली. त्या मैदानाची घडणच दिवसाच्या उजेडाची आहे, तेव्हा तिथे दुपारीच जावं. याउलट पिट्सबर्गचं पीएनसी पार्क संध्याकाळी बघावं, कारण नदीपलीकडच्या इमारतींवर उजेड उतरत जातो आणि सामना बघता बघता शहर रंग बदलतं.

हवामान गृहीत धरू नका. सॅन फ्रान्सिस्कोचं ओरॅकल पार्क खाडीला लागून आहे. तिथे जुलैच्या रात्रीसुद्धा जाड जॅकेट लागतं. शिकागो आणि बॉस्टनमध्ये एप्रिल म्हणजे हिवाळाच समजा. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून एक मैल उंच असल्यामुळे ऊन चटकन भाजतं आणि घसा लवकर कोरडा पडतो. मिलवॉकी, सिॲटल, ह्यूस्टन, फीनिक्स, मायामी, टोरोंटो आणि टेक्सास रेंजर्सचं आर्लिंग्टन, या ठिकाणी छप्पर उघडमीट करता येतं, त्यामुळे लांबून येणाऱ्याला पावसाची धास्ती नाही.

जागा: इथे घाई करू नका

सबंध दिवस कसा जाणार हे तिकिटावरच्या सेक्शनवर ठरतं, म्हणून यावर थोडं सविस्तर.

आधी दिशा समजून घ्या. बेसबॉलच्या नियमपुस्तकात अशी शिफारस आहे की होम प्लेटवरून पिचरच्या डोक्यावरून सेकंड बेसकडे जाणारी रेघ पूर्व-ईशान्येकडे असावी. असं केलं की दुपारनंतरचं ऊन बॅटरच्या डोळ्यांत जात नाही. याचा प्रेक्षकासाठी अर्थ असा की सूर्य साधारण होम प्लेटच्या पाठीमागे कलतो. त्यामुळे होम प्लेटमागच्या आणि थर्ड बेसच्या (डाव्या) बाजूच्या जागांवर सावली आधी येते. फर्स्ट बेसची (उजवी) बाजू आणि राइट फील्डचे बाक मात्र उन्हाकडे तोंड करून बसलेले असतात. सगळी मैदानं ही शिफारस पाळत नाहीत, म्हणून नकाशावर त्या मैदानाची दिशा एकदा बघून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

हे मी अनुभवातून शिकलो. जुलैमधला दुपारी एकचा सामना होता, बरोबर आई होती. नकाशावर फर्स्ट बेसच्या जागा मैदानाला अगदी खेटून दिसल्या म्हणून मी लगेच घेतल्या. तिसऱ्या इनिंगपर्यंत (सामना नऊ इनिंगचा, म्हणजे नऊ डावांचा) आईने ओढणी डोक्यावरून घेतली होती, प्लास्टिकच्या खुर्चीला हात टेकवत नव्हता, आणि समोर थर्ड बेसकडचे लोक निवांत सावलीत बसलेले दिसत होते. पाचव्या इनिंगला मी तिला घेऊन आतल्या छायेच्या मार्गिकेत गेलो आणि उरलेला सामना आम्ही उभ्याने पाहिला. तेव्हापासून उन्हाळी दुपारचं तिकीट घेताना मी आधी सावली बघतो, मग अंतर.

दुसरा प्रश्न उंचीचा. नवख्याला वाटतं की जितकं जवळ तितकं चांगलं. पण खालच्या रांगेत बसून बॉल किती खोल गेला याचा अंदाज येत नाही. पहिल्या भेटीसाठी माझी पसंती होम प्लेटच्या मागच्या वरच्या मजल्याला आहे. तिथून मैदानाचा पूर्ण आकार समोर उलगडतो. बॅटर बदलला की क्षेत्ररक्षक दोन पावलं कुठे सरकतात, लांब फटका मारल्यावर सेंटर फिल्डर कोणत्या कोनातून धावतो, हे टीव्ही कधीच दाखवत नाही. आणि या जागा खालच्यांपेक्षा पुष्कळ स्वस्त असतात.

वरच्या मजल्याची पहिली रांग मात्र टाळा. कठडा नेमका डोळ्यांच्या रेषेत येतो आणि समोरून माणसं ये-जा करत राहतात. चौथ्या-पाचव्या रांगेपासून पुढे बरं. तसंच खालच्या मजल्याच्या अगदी शेवटच्या रांगाही तपासून घ्या. डोक्यावर वरच्या मजल्याचं छत आलेलं असतं, त्यामुळे उंच उडालेला बॉल मधेच नजरेआड होतो आणि मोठा स्कोअरबोर्डही दिसत नाही. फेनवे आणि रिग्ली ही जुनी मैदानं, तिथे छताला आधार देणारे खांब आहेत. खांबाआडची जागा असेल तर तिकिटावर तसा उल्लेख असतो. बारीक अक्षरातला तो शब्द वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

घरच्या संघाचं डगआउट (खेळाडू बसतात ती मैदानालगतची जागा) कुठल्या बाजूला असावं याचा नियम नाही. बॉस्टनचे रेड सॉक्स आणि न्यूयॉर्कचे यँकीज फर्स्ट बेसकडे बसतात, तर शिकागोचे कब्ज, लॉस एंजेलिसचे डॉजर्स आणि सॅन फ्रान्सिस्कोचे जायंट्स थर्ड बेसकडे. आपल्या संघाच्या खेळाडूंना जवळून बघायचं असेल तर हे आधी शोधून ठेवा. बहुतेक ठिकाणी १ नंबरची खुर्ची अलीकडच्या, म्हणजे लहान आकड्याच्या सेक्शनला लागून असते. वाटेजवळची खुर्ची हवी असेल तर हे कामी येतं. लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये विषम आकड्यांचे सेक्शन थर्ड बेसच्या बाजूला आणि सम आकड्यांचे फर्स्ट बेसच्या बाजूला आहेत. हे माहीत नसलं की माणूस १०७ नंतर १०८ शोधत उलट्या टोकाला जातो.

लहान मूल बरोबर असेल तर जाळीमागची जागाच घ्या. २०१८ च्या हंगामापासून सगळ्या ३० संघांच्या मैदानांवर संरक्षक जाळी किमान दोन्ही डगआउटच्या दूरच्या टोकापर्यंत असते. जोरात आलेला फाउल बॉल (रेषेबाहेर उडालेला फटका) बघून बाजूला व्हायला मोठ्या माणसालाही वेळ मिळत नाही, मुलाला तर नाहीच.

आदल्या दिवशीची तयारी

तिकीट आता फोनमध्येच असतं. मेजर लीगचं बॉलपार्क नावाचं ॲप आहे, बहुतेक संघांची तिकिटं त्यात येतात. आदल्या दिवशीच लॉगिन करून तिकीट उघडून बघा आणि ते फोनच्या वॉलेटमध्ये टाकून ठेवा. गेटपाशी हजारो फोन एकाच वेळी नेटवर्क मागत असतात, तिथे पासवर्ड आठवत बसणं नको. नुसता स्क्रीनशॉट काढून भागत नाही, अनेक ठिकाणी तो गेटवर चालत नाही. बरोबरच्या माणसांची तिकिटं आधीच त्यांच्या त्यांच्या फोनवर पाठवून द्या, म्हणजे कुणी मागे राहिलं तरी सगळी मंडळी बाहेर ताटकळत नाहीत. आणि फोन पूर्ण चार्ज हवा. तिकीट, पैसे, परतीची गाडी, सगळं त्याच्यावरच आहे. बहुतेक मैदानांत रोख पैसे घेत नाहीत, कार्ड लागतंच.

बॅगेचे नियम हा लोकांचा सर्वांत जास्त वेळ खाणारा विषय आहे. मेजर लीगची सर्वसाधारण मर्यादा १६ बाय १६ बाय ८ इंच अशी आहे, पण कित्येक संघांचे नियम याहून कडक आहेत. कुठे पाठीवरची सॅक चालत नाही, तर कुठे फक्त पारदर्शक पिशवी चालते. त्या मैदानाच्या संकेतस्थळावरचं पान वाचा, ओळखीच्या माणसाने गेल्या वर्षी काय नेलं होतं यावर जाऊ नका. २०१५ पासून सगळ्या मैदानांवर मेटल डिटेक्टरमधून जावं लागतं. शक्य असेल तर बॅग नेऊच नका, कारण बिनबॅगवाल्यांची रांग बऱ्याच ठिकाणी वेगळी असते आणि झरझर सरकते. टोपी, सनस्क्रीन, पातळ जॅकेट, बाहेरून पाणी आणायला परवानगी असेल तर सीलबंद बाटली, आणि एक पेन्सिल. पेन्सिल कशाला ते पुढे येईल.

मैदानापर्यंत

गाडीने जाण्याचा मोह होतो, पण जिथे रेल्वे आहे तिथे रेल्वेच धरा. रिग्लीसाठी रेड लाइनचं ॲडिसन स्टेशन, फेनवेसाठी ग्रीन लाइनचं केनमोर, यँकी स्टेडियमसाठी १६१ वी स्ट्रीट (४, बी आणि डी गाड्या), न्यूयॉर्कच्याच मेट्स संघाच्या सिटी फील्डसाठी ७ नंबरच्या गाडीचं मेट्स-विलेट्स पॉइंट. सॅन फ्रान्सिस्कोत एन ट्राम मैदानाजवळ सोडते. डॉजर स्टेडियम टेकड्यांमध्ये आहे आणि आसपास रेल्वे नाही, पण सामन्याच्या दिवशी युनियन स्टेशनहून खास बस सुटते आणि तिकीट असणाऱ्याला ती फुकट असते.

कुठल्या डब्यात चढायचं, कुठे उतरायचं, याची काळजी नको. जर्सी घातलेल्या माणसांच्या मागे चालत राहा, बरोबर पोहोचाल. पिट्सबर्गला तर पोहोचणं हाच एक सोहळा आहे. सामन्याच्या दिवशी रोबेर्तो क्लेमेंटे पूल गाड्यांना बंद करतात आणि माणसं नदीवरून चालत मैदानाकडे जातात. क्लेमेंटे हा तिथल्या संघाचा दिग्गज खेळाडू, त्याचा जर्सी नंबर २१, म्हणून आतली उजवीकडची भिंतही २१ फूट उंच ठेवली आहे. पुलावरून आलेल्या माणसाला ती भिंत नुसती भिंत वाटत नाही.

गाडी न्यायचीच असेल तर पार्किंग आधी आरक्षित करा आणि मैदानापासून दहा-पंधरा मिनिटं चालत जावं लागेल अशी जागा घ्या. जवळच्या पार्किंगमधून बाहेर पडायला सामन्यानंतर त्याहून जास्त वेळ लागतो.

गेट उघडल्यावरचा दीड तास

गेट साधारणपणे सामन्याच्या दीड तास आधी उघडतात, काही ठिकाणी दोन तास आधी. त्या वेळेलाच तिथे असा. पहिल्या भेटीत हा दीड तास मला सामन्याइतकाच मोलाचा वाटतो.

आत गेल्यावर खुर्चीकडे वळू नका, खाण्याच्या रांगेतही नको. आधी कुठल्याही जिन्याने वर जाऊन मैदानाकडे बघा. काळोख्या मार्गिकेतून एकदम ते हिरवं गवत समोर येतं. तिथे जरा थांबा. मग मैदानाला एक पूर्ण प्रदक्षिणा घाला. बहुतेक नव्या मैदानांत आतूनच चारी बाजूंनी फिरता येतं. फेनवे किंवा रिग्लीत जागा अरुंद आहे, तिथे बाहेरच्या गल्ल्यांतूनही एक फेरी मारावी.

फिरताना काय बघायचं? प्रत्येक मैदानात एखादी खूण असते जिच्यात त्याचा इतिहास साठवलेला आहे. फेनवेच्या उजवीकडच्या बाकांमध्ये हिरव्या खुर्च्यांच्या पसाऱ्यात एकच लाल खुर्ची आहे: सेक्शन ४२, रांग ३७, खुर्ची २१. ९ जून १९४६ रोजी रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सने मारलेला होम रन तिथे येऊन पडला होता, ५०२ फूट. त्या खुर्चीपाशी उभं राहून होम प्लेटकडे बघा. बॅटर अंगठ्याएवढा दिसतो, आणि तिथून इथवर बॉल आला होता यावर आकडा वाचूनही विश्वास बसत नाही. डेन्व्हरच्या कूर्स फील्डमध्ये वरच्या मजल्याची विसावी रांग जांभळी आहे. ती रांग समुद्रसपाटीपासून बरोबर ५,२८० फुटांवर, म्हणजे एक मैलावर आहे. त्या विरळ हवेत बॉल जास्त लांब जातो, म्हणून तिथल्या भिंती दूर ठेवल्या आहेत. बाल्टिमोरच्या कॅम्डन यार्ड्समध्ये जुन्या गोदामाशेजारच्या युटॉ स्ट्रीटवर चालताना पायाखाली कांस्याच्या खुणा लागतात. होम रन जिथे जिथे येऊन आदळले तिथे त्या बसवल्या आहेत. यँकी स्टेडियममध्ये मॉन्युमेंट पार्क (जुन्या खेळाडूंची स्मारकं) आहे, पण ते सामन्याच्या ४५ मिनिटं आधी बंद होतं. गेट उघडताच सरळ तिकडेच जा.

याच वेळात बॅटिंगचा सराव चाललेला असतो. घरच्या संघाचा सराव बहुतेक वेळा गेट उघडेपर्यंत आटोपत आलेला असतो, म्हणून पाहुणा संघच जास्त बघायला मिळतो. आउटफिल्डच्या बाकांवर उभे राहा, बॉल तिकडे येतात. सही हवी असेल तर फाउल लाइनजवळच्या कठड्यापाशी, पेन हातात तयार ठेवून थांबा. नावाने हाक मारा, आणि खेळाडू सरावात असेल तर त्याला त्याचं काम करू द्या.

एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. प्रेक्षक मदत कक्षात जाऊन ‘आज माझी इथली पहिली भेट आहे’ असं सांगितलं तर बरेच संघ नाव आणि तारीख घातलेलं छोटं प्रमाणपत्र देतात, तेही फुकट. मुलांना त्याचं अप्रूप असतंच, पण माझ्याकडची सगळी मीही जपून ठेवली आहेत.

खाणं याच वेळात उरकून घ्या. त्यामागे कारण आहे. २०२३ पासून पिचरला घड्याळ लागलं. बेसवर कुणी नसेल तर १५ सेकंदांत पिच टाकायची, बेसवर धावपटू असेल तर आता १८. सामने तीन तासांहून अधिक चालायचे ते सरासरी दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास आले. मधली विश्रांती जेमतेम दोन मिनिटांची असते. चौथ्या इनिंगला रांगेत उभे राहिलात तर परत येईपर्यंत पाचवी अर्धी संपलेली असते.

खुर्चीत बसल्यावर मैदान वाचा

पहिली पिच पडण्याआधी पाच मिनिटं नुसतं बघा. झेंडे कुठल्या दिशेला फडकताहेत? रिग्लीत हा प्रश्न खेळाडूही रोज विचारतात, कारण जवळच्या मिशिगन सरोवराकडून वारा आत येत असेल तर लांब फटके हवेतच अडखळतात आणि बाहेर जात असेल तर साधे झेलही भिंतीपलीकडे जातात. भिंतींची उंची कुठे बदलते? बुलपेन (राखीव पिचर सराव करतात ती जागा) कुठे आहे, म्हणजे पुढचा पिचर अंग मोकळं करू लागला की तुम्हाला दिसेल का?

फेनवेत डावीकडे ३७ फूट २ इंच उंचीची हिरवी भिंत आहे, तीही जेमतेम ३१० फुटांवर. लेफ्ट फिल्डर तिच्यापाशी कसा उभा राहतो ते बघा. बॉल भिंतीवर आपटल्यावर कुठे येणार याचा अंदाज धरून तो आधीच पाठ फिरवतो. दुसरीकडे होम रन ठरेल असा सपाट, जोरदार फटका इथे भिंतीवर आदळून एका बेसचा होतो, आणि दुसरीकडे सहज झेलला जाईल असा उंच फटका भिंतीला घासत दोन बेस देऊन जातो. रिग्लीच्या विटांच्या भिंतीवर १९३७ साली लावलेली वेल आहे. बॉल त्या पानांत अडकला की फिल्डर दोन्ही हात वर करतो, आणि अंपायर दोन बेस देतो. पण त्याने पानांत हात घालून बॉल शोधायला सुरुवात केली की खेळ चालूच राहतो. टीव्हीसमोर हे नुसतं विचित्र वाटतं, तिथे बसून पाहिलं की त्या क्षणी फिल्डरला किती पटकन ठरवावं लागतं ते कळतं.

आता पेन्सिल. मैदानात स्कोअरकार्ड मिळतं, एक घ्या आणि सामना स्वतः लिहा. क्षेत्ररक्षकांना ठरलेले आकडे आहेत: पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड बेस ४, थर्ड बेस ५, शॉर्टस्टॉप ६, मग लेफ्ट, सेंटर, राइट फिल्डर ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने बॉल उचलून सेकंड बेसला दिला, तिथून फर्स्ट बेसला, दोघे बाद: लिहायचं ६-४-३. बॅट फिरवून चुकला आणि स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) झाला तर इंग्रजी के, नुसता बघत राहून झाला तर उलटा के.

मला हे शेजारच्या खुर्चीवरच्या एका आजोबांनी शिकवलं. बोटाएवढी झिजलेली पेन्सिल कानामागे अडकवलेली, कार्ड गुडघ्यावर, आणि प्रत्येक धावेनंतर ते कागदावरचा छोटा चौकट आकार सावकाश काळा करत. माझं काही चुकलं की न बोलता स्वतःचं कार्ड माझ्याकडे सरकवत. आठव्या इनिंगला त्यांनी मला विचारलं, ‘मघाशी तिसऱ्या इनिंगला काय झालं होतं?’ त्यांना ते माहीत होतं. मी कार्डावरून वाचून दाखवलं तेव्हा ते हसले. अनोळखी मैदानात शेजाऱ्याशी बोलणं सुरू करायला याहून चांगलं निमित्त मला तरी सापडलेलं नाही.

सामना चालू असताना

बॅटर उभा असताना जिन्यावरून खाली-वर करू नका. ती बारी संपेपर्यंत वर थांबायचं, बऱ्याच ठिकाणी कर्मचारीच हात आडवा करून थांबवतात. राष्ट्रगीताला टोपी काढून उभं राहायचं. सातव्या इनिंगच्या मध्यात सगळं मैदान उभं राहतं आणि १९०८ सालचं एक गाणं गातं. शब्द येत नसले तरी उभे राहा, दुसऱ्या फेरीपर्यंत पाठ होतात.

जाळीच्या बाहेर बसला असाल तर पिच पडताना फोन खाली ठेवा आणि नजर बॅटवर. प्रेक्षकांत आलेला बॉल ज्याने पकडला त्याचा, तो परत द्यावा लागत नाही. पण कठड्यावरून मैदानात वाकून चालू खेळातला बॉल पकडलात तर तो प्रेक्षकाचा अडथळा धरला जातो, अंपायर निर्णय बदलू शकतो आणि तुम्हाला बाहेर काढलं जाऊ शकतं. शेजारी लहान मूल हात पसरून उभं असेल तर काय करायचं हे सांगायला नको. रिग्लीच्या बाकांवर पाहुण्या संघाचा होम रन हाती आला तर आजूबाजूचे लोक तो परत मैदानात फेकायला लावतात. तिथली ती जुनी रीत आहे.

पाहुण्या संघाचे चाहते म्हणून गेला असाल तर आपली जर्सी खुशाल घाला. थोडी थट्टा होते, ती हसून घ्या, आणि त्यांच्या खेळाडूने सुंदर झेल घेतला तर टाळी वाजवा.

पाऊस आला तर

लगेच घरी निघू नका. मैदानाच्या आतल्या भागावर ताडपत्री पसरतात आणि वाट बघतात, तास-दीड तासानेही खेळ पुन्हा सुरू झालेला मी पाहिला आहे. पाच इनिंग पूर्ण झाल्या, किंवा घरचा संघ पुढे असताना साडेचार झाल्या, की सामना अधिकृत धरला जातो, आणि मग पुढचा खेळ पावसात गेला तरी तिकिटाचे पैसे वसूल झाले असं समजायचं. त्याआधीच थांबला तर तिकीट पुढे कसं वापरायचं याचे त्या संघाचे नियम ॲपवर येतात. ईमेल बघत राहा.

परत निघताना

आठव्या इनिंगपासून लोक उठू लागतात. तुम्ही बसून राहा. शेवटच्या आउटनंतरही वीस मिनिटं थांबा, गर्दीचा पहिला लोंढा तेवढ्यात ओसरतो आणि स्टेशनवर उभं राहायला जागा होते. रिग्लीत त्या वेळात सेंटर फिल्डमधल्या हाताने चालवायच्या जुन्या स्कोअरबोर्डकडे बघा. कब्ज जिंकले असतील तर वरच्या काठीवर निळ्या डब्ल्यूचा पांढरा झेंडा चढतो, हरले असतील तर पांढऱ्या एलचा निळा. जवळून जाणाऱ्या गाडीतल्या लोकांना निकाल कळावा म्हणून ही पद्धत. थोड्या वेळाने ॲडिसनहून गाडी सुटली की खिडकीकडची जागा धरा, झेंडा तिथून दिसतो.